वहीतला रिकामा रकाना

बुलढाण्याहून घाट उतरून रोहिणखेडच्या वाटेला लागले की हवा एकाएकी बदलते. घाटावरचा गारवा मागे राहतो आणि कपाशीच्या शेतांवरून येणारा उष्ण वारा अंगाला भिडतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले हे गाव इतिहासाला अपरिचित नाही. १४३७ साली बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला. अहमदनगरच्या गादीसाठी १५९० साली झालेली लढाईही येथलीच. १५८२ साली खुदावंतखान महदवी याने बांधलेली लहानशी, देखणी मशीद गावात आजही उभी आहे. दोन लढाया आणि एक मशीद, एवढ्यासाठीच ग्रंथकारांनी या गावाची नोंद घेतली. माझ्या मनात मात्र रोहिणखेड म्हटले की एका ओसरीवरचा लाकडी बाक, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही, एवढेच चित्र उभे राहते.

आमचे धर्मग्राम लहान आहे. भाविकांची घरे थोडी, आणि तीही दूरदूरच्या गावांत विखुरलेली. तरीही गेली कित्येक वर्षे दर गुरुवारी सकाळी मिशनची जुनी जीप दोन धर्मभगिनींना घेऊन रोहिणखेडला जाते. त्यांतील एक प्रशिक्षित परिचारिका आहे. महिन्यातील दोन गुरुवारी बुलढाण्याचे एक सेवानिवृत्त डॉक्टर त्यांच्यासोबत येतात. ते ख्रिस्ती नाहीत, आणि आजवर त्यांनी आमच्याकडून चहाखेरीज काही घेतलेले नाही. गावातील एका सज्जन गृहस्थांनी आपली ओसरी आम्हाला वापरायला दिली आहे. डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात. उरलेल्या गुरुवारी सिस्टर रक्तदाब आणि साखर मोजतात, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या देतात, जखमा धुतात. येणाऱ्यांत हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत; ख्रिस्ती जवळजवळ कुणीच नाही. पैसे कुणाकडूनही घेतले जात नाहीत.

आता त्या वहीविषयी. वहीत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे गुरुवारांचे रकाने आखलेले असतात. जो आला त्याच्या रकान्यात त्या दिवशीचा आकडा लिहिला जातो, जो आला नाही त्याचा रकाना रिकामा राहतो. दुपारी आवराआवर झाली की सिस्टर रिकाम्या रकान्यांची नावे मोठ्याने वाचतात. ओसरीभोवती रेंगाळणारी मुले ती नावे ऐकतात आणि धावत सुटतात. "आजोबा, सिस्टरनं बोलावलं!" असा निरोप पाच मिनिटांत गल्लीच्या टोकाला पोहोचतो. मला ही पद्धत फार वर्षे पोरखेळासारखी वाटत असे. या वहीविषयी आज लिहितो आहे, कारण ती बंद करण्याचा निर्णय मीच घेतला होता.

तो निर्णय २०२४ च्या पावसाळ्यातला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण राज्यातील सर्वच कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय शासनाने २०२३ च्या जुलैत घेतला होता आणि १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना सुरू झाली. कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. शिधापत्रिकेचा रंग पिवळा की केशरी की पांढरा, हा प्रश्नही मागे पडला. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले होते. आमच्या धर्मग्राम परिषदेत एक निवृत्त शिक्षक आहेत. मोठे व्यवहारी आणि मनाचे सरळ. ते म्हणाले, "फादर, आता प्रत्येकाच्या खिशात पाच लाखांचं कार्ड आहे. आपण दोन-दोन रुपयांच्या गोळ्या वाटत कशासाठी हिंडायचं?"

मला त्यांचे म्हणणे पटले. सेमिनरीत आमच्या मनावर एक गोष्ट बिंबवली गेली होती : जे काम समाज आणि शासन स्वतः करू लागतात, त्या कामातून ख्रिस्तसभेने नम्रपणे बाजूला व्हावे आणि जिथे अद्याप कुणी पोहोचलेले नाही तिथे जावे. हे तत्त्व खरेच आहे. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या होकारामागे दुसरेही एक कारण होते. मिशनचे धर्मशिक्षक, वसतिगृहातील स्वयंपाकीण, वाहनचालक अशा मोजक्या माणसांसाठी आम्ही एका कंपनीकडून सामूहिक आरोग्यविमा घेतला होता. करोनाच्या साथीनंतर त्याचा हप्ता दरवर्षी चढत गेला. एका वर्षी कर्मचाऱ्यांचे वृद्ध आईवडील यादीतून गळाले. पुढच्या वर्षी बिलाचा पाचवा हिस्सा रुग्णाने भरावा अशी अट आली. त्याच्या पुढच्या वर्षी खोलीच्या भाड्याला मर्यादा आली. पॉलिसीवर छापलेली रक्कम तीच राहिली, तिच्याखाली मावणारी माणसे आणि दुखणी तेवढी कमी होत गेली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पॉलिसी आहे, त्यांना हा अनुभव नवा नसेल. गुरुवारच्या दवाखान्याचे पैसे या हप्त्यात घालावेत, असा हिशेब मी मांडला. परिषदेने मान डोलावली. परिचारिका सिस्टर तेवढ्या गप्प राहिल्या. सप्टेंबरपासून जीप रोहिणखेडला जाणे थांबले आणि ती वही सिस्टरांच्या कपाटात गेली.

त्या वहीत एका वृद्ध शेतकऱ्याचे नाव होते. वय एकाहत्तर, तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. त्यांचा रक्तदाब वाढलेला असे आणि रोज सकाळी एक गोळी घेतली की तो काबूत राही. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लास्टिकची एक पिशवी कायम असे. तिच्यात शिधापत्रिकेची घड्या पडलेली प्रत, आधार कार्ड, आणि अलीकडेच काढलेले आयुष्मान कार्ड. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो की श्रीमंत, पंतप्रधान जनआरोग्य योजनेचे स्वतंत्र संरक्षण देण्यास २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरुवात झाली, ती बातमी मुलाने त्यांना वाचून दाखवली होती. दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी बुलढाण्यात मला ते भेटले. पिशवी काढून त्यांनी कार्ड दाखवले आणि हसून म्हणाले, "फादर, आता मले काही चिंता नाही. पाच लाखाचा धनी झालो मी." मीही हसलो. गोळ्या चालू आहेत का, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

गोळ्या बंद होत्या. जवळची पट्टी संपली, पुढची कुणी आणून दिली नाही. प्रकृतीला काही त्रास जाणवत नव्हता. सरकारी दवाखान्यात ती गोळी मिळाली असती. औषधाच्या दुकानातही ती एका कप चहाहून स्वस्त आहे. अडचण पैशांची नव्हतीच. कापूस वेचणीचे दिवस होते, कुणाला तरी अर्धा दिवस मोडावा लागला असता, आणि ज्या दुखण्याचे दुखत नाही त्यासाठी शेतकरी अर्धा दिवस मोडत नाही. पूर्वी रकाना रिकामा राहिला की कुणाचे तरी पोर धावत येई. आता तो रकानाच उरला नव्हता.

जानेवारीतील एका पहाटे त्यांना लकवा झाला. मुलाने गाडी करून त्यांना शहरात नेले. पहिल्या रुग्णालयात योजना लागू नव्हती. दुसऱ्या ठिकाणी खाट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी दाखल करून घेतले, आणि तेथे कार्डाने आपले काम चोख केले, हेही मला सांगितलेच पाहिजे. उपचारासाठी त्या कुटुंबाला शेत गहाण टाकावे लागले नाही. वीस वर्षांपूर्वी हीच वेळ आली असती तर कदाचित जमीन गेली असती. परंतु पहिले काही तास रस्त्यात गेले होते. बाबा घरी परतले ते उजवा हात आणि अर्धी वाचा गमावून.

मी त्यांना भेटायला गेलो. ते अंगणात खाटेवर होते, खिशातली पिशवी तशीच. त्यांच्या पत्नीने मला पाट दिला, पाणी दिले, आणि दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली, "कार्डानं पलंग भेटला फादर, औषीद भेटलं. पन ह्यायचा हात नाही भेटला ना." थोडा वेळ थांबून तिने विचारले, "तुमची गाडी काहून बंद झाली व्हती?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस का आला नाही, असे विचारावे तसा तो प्रश्न होता. माझ्यापाशी परिषदेचा ठराव होता, हप्त्याचा हिशेब होता, सेमिनरीतले तत्त्व होते. त्यांपैकी एकही गोष्ट त्या अंगणात मला बोलता आली नाही.

आमच्या डॉक्टरांनी माझी समजूत घातली. गोळ्या चालू असत्या तर लकवा झालाच नसता, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, असे ते म्हणाले. ते खरे आहे. परंतु गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होतो, हेही खरे आहे, आणि ते मला पूर्वीपासून ठाऊक होते.

तेव्हापासून विमा म्हणजे नेमके काय, याचा मी विचार करू लागलो. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर पोहोचलेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेपर्यंत, २०१७ साली तिला मिळालेल्या महात्मा फुल्यांच्या नावापासून २०१८ च्या आयुष्मान भारतापर्यंत, महाराष्ट्राने या दिशेने मोठी मजल मारली आहे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात पूर्वीच सामावून घेतले गेले होते, आणि आमचा बुलढाणा त्या चौदांत आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे शासकीय लेखे सांगतात. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या साऱ्या योजनांचा पाया एकच आहे : माणूस रुग्णालयात दाखल व्हावा लागतो. २०२४ साली यादीत १३५६ उपचार होते, परंतु यादीतले उपचार बहुतेक खाटेवरचे आहेत, आणि त्यांपैकी काही केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. रोजची रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची तपासणी, लेकराचा ताप, हातापायाची चिघळलेली जखम, यांतले काहीही त्या कार्डात बसत नाही. एकदा ओसरीवर एक बाई सिस्टरांना म्हणाली होती, "सिस्टर, मले अॅडमिट करून टाका न, म्हंजे कार्ड चालन." तेव्हा आम्ही सारे हसलो होतो. आता वाटते, आमच्यापेक्षा तिलाच विम्याचे मर्म अधिक कळले होते.

गावात आणि शहरात विमा दोन वेगळ्या रीतींनी आकसतो. शहरातील मध्यमवर्गीयाचा विमा हप्ता वाढवून आणि अटी घालून आकसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा वस्तू व सेवा कर उठला, ही दिलाशाची गोष्ट. तरी मूळ हप्ता वयाबरोबर चढतोच. खेड्यातील माणसाचा विमा रकमेने वाढतो, आणि त्याच्या दारापासूनच्या अंतराने आकसतो. योजनेतील रुग्णालय जितके दूर, तितके ते पाच लाख लहान. आणि दोघांच्याही विम्याला एक गोष्ट करता येत नाही : माणूस आला नाही, हे त्याला कळत नाही. तो आपल्या खिडकीत बसून रुग्णाची वाट पाहतो.

या सत्याचा शोध काही मला प्रथम लागलेला नाही. याच जिल्ह्यातील शेगावचे सुपुत्र डॉ. रवींद्र कोल्हे आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांनी मेळघाटातील बैरागडला आयुष्य वाहिले. तेथे पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या खेपेचा एक रुपया घेतला जाई. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर बायांनाच आरोग्याचे शिक्षण दिले; कोणत्या घरी गर्भारीण आहे, कोणत्या घरचे मूल अंग धरत नाही, हे त्या बायांना डॉक्टरांच्या आधी कळत असे. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी तर विमा आणि गावचा दवाखाना एकत्र गुंफले. सुगीनंतर प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, तिच्यातून गावातील आरोग्यसेवकाची आणि औषधांची सोय व्हायची, आणि मोठे दुखणे आले की कस्तुरबा रुग्णालयाचे दार उघडे. तो विमा कंपनीच्या कपाटात राहत नव्हता, गावच्या कणगीत राहत होता. आपल्या ख्रिस्तसभेत पाहू गेल्यास, १९२० साली गुंटूरला आलेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ मध्ये ज्या कॅथलिक आरोग्य संघटनेचा पाया घातला, तिच्याशी आज देशभरातील तीन हजारांहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य मोठी रुग्णालये नसून खेड्यापाड्यांतील लहान दवाखाने आहेत.

त्या वर्षी चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यावर प्रवचन करण्याची वेळ आली, तेव्हा माझी जीभ अडखळली. आजवर मी त्या दाखल्यातील दोन दिनारांवर पुष्कळ बोललो होतो. उतारशाळेच्या मालकाच्या हाती शमरोनी ते दोन दिनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वाटेवर भरून देण्याचे वचन देतो. आजच्या भाषेत त्याला विमा म्हणायला हरकत नाही. परंतु ते दोन दिनार कथेच्या शेवटी येतात. त्याआधी तो मनुष्य वाटेत पडलेल्याला पाहतो, गाढवावरून उतरतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो. ती मलमपट्टी रस्त्याच्या कडेला झाली, आणि तिचे मोल कुणी मागितले नाही. ती झाली नसती तर दोन दिनारांचा उपयोग कुणासाठी होणार होता? आणि त्या वाटेने त्याच्याआधी एक याजक निघून गेला होता, हे वाक्य वाचताना मी नेहमीपेक्षा हळू वाचले.

परिषदेसमोर मी माझी चूक मांडली. शिक्षकांनी पहिल्यांदा हात वर केला. त्यांनाही रोहिणखेडची वार्ता कळली होती. हप्त्याचे काय, हा प्रश्न तसाच होता आणि आजही तो पुरता सुटलेला नाही. काही धर्मशिक्षकांना आम्ही शासकीय योजनेची कार्डे काढून दिली, काहींच्या पॉलिसीचा थोडा भार भाविक उचलतात, आणि वर्षाच्या अखेरीस मला दोन-चार ठिकाणी हात पसरावा लागतो. परंतु राखपवित्र बुधवारानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी जीप पुन्हा घाट उतरली. सिस्टरांनी कपाटातून वही काढली. सप्टेंबरपासूनचे रकाने त्यांनी आखून ठेवले होते, सारे रिकामे.

आता त्या ओसरीवर आणखीही थोडे काम होते. रक्तदाब पाहून झाला की सिस्टर विचारतात, "कार्ड आहे का? नावातली चूक दुरुस्त केली का? अंगठा जुळतो का?" योजनेत कोणते रुग्णालय बसते आणि रात्री-अपरात्री कुठे धावायचे, हे एका कागदावर लिहून तो घराच्या आतल्या भिंतीवर चिकटवायला सांगितले जाते. सरकारी दवाखान्यात जे मिळते ते तेथेच घ्यावे, असा आमचा आग्रह असतो. तेथील आशाताई आमच्या वहीतील नावे उतरवून घेते. आम्ही कुणाशी स्पर्धा करीत नाही. आमच्या ओसरीवर शस्त्रक्रिया होत नाही, कर्करोग बरा होत नाही. त्यासाठी ते कार्डच हवे, आणि ते अधिक जवळच्या रुग्णालयात चालावे म्हणून आपण सर्वांनी मागणी केली पाहिजे. परंतु कार्ड आणि घर यांच्यामधले जे अंतर आहे, ते कुणी तरी पायांनीच चालले पाहिजे.

हे लिहिण्यामागे एक विनंती आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांत चर्चच्या आवारात एक जुनी दवाखान्याची खोली असते. सिस्टर वृद्ध झाल्या, नव्या आल्या नाहीत, देणग्या आटल्या, आणि खोलीत आता वार्षिक सणाचे मंडपाचे सामान भरलेले असते. आपल्याच कुटुंबांत निवृत्त परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, औषधविक्रेते आहेत. आठवड्याची एक सकाळ, एक यंत्र, एक वही. यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. विमा काढलाच पाहिजे, कार्ड घेतलेच पाहिजे. पण ते घेतले म्हणून ती खोली बंद करू नये, एवढेच माझे सांगणे आहे. मी ती एकदा बंद करून पाहिली आहे.

बाबा आता काठी टेकत ओसरीवर येतात. डाव्या हाताने खिशातली पिशवी काढून समोर ठेवतात, जणू तीही तपासून घ्यायची आहे. त्यांच्या पत्नीचे नावही आता वहीत आहे. तिचाही रक्तदाब वाढलेला निघाला. मागच्या गुरुवारी तीन रकाने रिकामे राहिले. सिस्टरांनी नावे वाचली, दोन नावांमागे पोरे धावली. तिसरे घर मशिदीच्या पलीकडे, वेशीबाहेर होते आणि ऊन फार होते. जीप सुरू करायला सांगून मी बसणार होतो. मग उतरलो, आणि त्या घराकडे स्वतःच चालत गेलो.